मातीला चौघं

“थोडं मागे घ्या... अजून... बस, बस!”

कंडक्टरांनी तळहात वर केला आणि पेटी खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या दोन फळ्यांवर टेकली. आजची ही दुसरी. पहिली अर्ध्या तासापूर्वी शेजारच्या खड्ड्यात उतरली होती. तिच्यावरची माती अजून ओलसर, फुगीर दिसत होती. हात मोकळे झाल्यावर त्यांनी आधी कंबर दाबली, मग वाकून उजवा गुडघा. एकतीस वर्षं चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली, तेव्हा या गुडघ्याने कधी ब्र काढला नव्हता. आता दोन पेट्या उतरवल्या की तो पुढचे दोन दिवस घर डोक्यावर घ्यायचा. नोकरी संपून दहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. बायको चिडली की तीसुद्धा. “अहो कंडक्टर,” ती सकाळीच म्हणाली होती, “लोकांच्या मातीला जाता जाता एक दिवस तिथेच बसाल. मग उठवायला कोण येणार आहे?”

खड्ड्याभोवती चर्चच्या मंडळीची चार माणसं होती. पाळकबाई पुस्तकाची पानं वाऱ्यात उडू नयेत म्हणून अंगठ्याने दाबून उभ्या होत्या. वय चाळिशीच्या आत, पण तीन गावांतल्या तीन छोट्या मंडळ्या त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडलेल्या. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांखाली कायम आदल्या दिवसाची झोप साठलेली असायची. त्यांच्या शेजारी शिलाईमावशी, ब्लाउजला टोचलेल्या दोन टाचण्या काढायच्या विसरून तशाच आलेल्या. आणि मावशींच्या मागे वाऱ्याचा आडोसा धरून मास्तर. मास्तरांना ऐकू कमी येई, म्हणून प्रार्थना कधी संपली हे कळण्यासाठी ते सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहत.

चौदा वर्षांपूर्वी हे काम सुरू झालं, ते आधीच्या म्हाताऱ्या पाळकांमुळे. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून एक पेटी बाहेर पडताना त्यांनी पाहिली. गाडीत ड्रायव्हर, मागे कोणी नाही. त्या रविवारी त्यांनी उपदेश बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, “ज्यांच्या मातीला कोणी नाही, त्यांच्या मातीला आपण जायचं का?” बावीस हात वर झाले होते. त्या बावीसांतले बरेचजण आता याच आवारात आडवे झाले होते, त्या पाळकांसकट. बाकीचे मुलांकडे राहायला गेले. आता हॉस्पिटलचा निरोप आला की कंडक्टर तिघांना फोन लावत, आणि तिघंही ‘येतो’ म्हणायच्या आधी एक लहानसा श्वास सोडत. तो श्वास कंडक्टरांना अगदी स्वच्छ ऐकू यायचा. कारण फोन लावण्याआधी तसाच एक त्यांनी स्वतः सोडलेला असायचा.

पाळकबाईंनी हॉस्पिटलच्या कागदावरून नाव वाचलं. चुकलं. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ते पुन्हा, सुटं सुटं वाचलं. एक म्हातारी बाई. भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. नातेवाईक या शब्दापुढे एक आडवी रेघ.

“स्तोत्र गाळूया का?” पाळकबाईंनी हळूच विचारलं. “वारा फार आहे. आणि मला साडेबाराची बस...”

कंडक्टरांनी सगळ्यांच्या आधी मान हलवली.

प्रार्थना झाली. कंडक्टरांनी डोळे मिटले होते, पण मनात शनिवारची सभा घोळत होती. तिथे काय बोलायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं. मध्येच डोळे उघडले तेव्हा त्यांना लांब नळाजवळ एक बाई उभी दिसली. करड्या रंगाचा कोट, खांद्याला पिशवी. हातात बादली नाही, फुलं नाहीत. थांबा आला तरी उतरावं की नाही हे न ठरलेल्या प्रवाशासारखी ती उभी होती. दुसऱ्या कोणाकडे आली असेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

दोर सुटले, फावडी चालू झाली. खणणारा घाम पुसत म्हणाला, “आज दोन-दोन. दमलात की.”

“आमची ही शेवटचीच रे बाबा,” कंडक्टर म्हणाले. ते कोणाला ऐकू गेलं आणि कोणाला नाही, हे बघायला ते थांबले नाहीत.

शनिवारी एल्डरांची सभा होती. प्रेस्बिटेरियन मंडळीत कारभार एका माणसाच्या हातात नसतो; मंडळीने निवडलेले एल्डर आणि पाळक एकत्र बसून सगळं ठरवतात. पूर्वी त्या मागच्या खोलीत बारा खुर्च्या लागायच्या आणि आवाज बाहेर रस्त्यावर यायचे. एकदा तर खिडक्यांना कोणता रंग द्यायचा यावरून दोन एल्डर वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. आता एल्डर तिघंच उरले होते: कंडक्टर, मावशी आणि मास्तर. तिघांत भांडण तरी कशावरून होणार?

कंडक्टरांनी चांगली तयारी केली होती. कोणी विरोध केला तर काय म्हणायचं, पाळकबाईंचा आवाज भरून आला तर काय म्हणायचं, मास्तरांनी जुन्या पाळकांची आठवण काढली तर काय. त्यांनी घसा खाकरला.

“हॉस्पिटलचं जे काम आपण करतो,” ते म्हणाले, “ते आता थांबवावं असं मला वाटतं. आपली वयं झाली. मनापासून होत नाही. आपण नुसत्या पाट्या टाकतोय.”

“माझंही तेच म्हणणं होतं,” मावशी म्हणाल्या. “फक्त तोंडातून निघत नव्हतं.”

“काय म्हणतात?” मास्तरांनी विचारलं. मावशींनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. मास्तरांचा चेहरा मोकळा झाला. “बरं झालं,” ते म्हणाले. “थंडीत माझी छाती भरते हो.”

पाळकबाईंनी तिघांकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: हे काम या महिन्यापासून बंद, कंडक्टरांच्या चौदा वर्षांच्या सेवेबद्दल मंडळी त्यांची आभारी आहे, हॉस्पिटलला पत्र कंडक्टरांनीच लिहावं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. पुढचा विषय छपराच्या गळतीचा होता, त्याला पाऊण तास लागला.

घरी येऊन कंडक्टर चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

“काय झालं? नाही म्हणाले?” बायकोने विचारलं.

“हो म्हणाले.”

“मग तोंड का असं?”

त्यांना सांगता येईना. चौदा वर्षं ज्या दाराला खांदा लावून उभं राहिलो, ते दार कोणी पलीकडून ढकलतच नव्हतं, असं काहीतरी वाटत होतं. कोणीतरी एकदा तरी ‘नको हो, चालू ठेवूया’ म्हणायला हवं होतं. त्यांनी ते ऐकलं नसतं. पण म्हणायला हवं होतं.

रविवारी उपासनेला अकराजण होते. बारावी ती निघाली. शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला, करड्या कोटातली. गाण्याच्या वेळी ती उभी राहिली, पण तिने पुस्तक उघडलं नाही. आशीर्वाद झाल्यावर लोक बाहेर पडले, तरी ती बसूनच होती. कंडक्टर गाण्याची पुस्तकं गोळा करत करत तिच्यापाशी आले.

“गुरुवारी तुम्ही होता ना तिथं?” तिने विचारलं. “दोन पेट्यांच्या वेळी?”

“होतो.”

“त्यातली बाई माझी आई.”

कंडक्टरांनी पुस्तकांचा ढीग बाकावर ठेवला आणि एक जागा सोडून बसले. समोर बघत. बसमध्ये कोणी रडवेलं झालं की ते असेच बसायचे. पण ही बाई रडवेली नव्हती. चाळिशी ओलांडलेली, हातांची नखं बारीक कापलेली, आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा सरळ.

“हॉस्पिटलचा फोन मलाच आला होता,” ती म्हणाली. “कुठल्यातरी जुन्या कागदावर नंबर सापडला म्हणे. मी राँग नंबर म्हणाले.” मग थोडं थांबून, “आणि फोन ठेवायच्या आधी विचारलं, माती कधी आहे. त्या माणसाने सांगितलंही. राँग नंबरवाल्या बाईला हे कशाला हवं, असं त्याने विचारलं नाही.”

“त्यांना सवय असते,” कंडक्टर म्हणाले.

“मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाच. तिने आम्हाला मावशीकडे सोडलं. संध्याकाळी येते म्हणाली.” तिने कोटाचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं. “ती संध्याकाळ काही झाली नाही.”

बाहेर पाळकबाई कोणाशी तरी बोलत होत्या. छपराच्या गळतीबद्दलच असावं.

“मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तीन वर्षांपूर्वी ती दुकानात आली. कार्डावर नाव लिहिलं तेव्हा कळलं. इथेच राहत होती, आमच्या दुकानापासून चार थांब्यांवर. मी तिला फ्रेमी दाखवल्या. काडी कानामागे नीट बसते का बघताना माझा हात तिच्या कानाला लागला. तिने ओळखलं नाही. की ओळखलं, कोण जाणे. जाताना म्हणाली, तुझा हात हलका आहे गं. असं तर कोणीही म्हणतं.”

कंडक्टरांनी पुस्तकांचा ढीग सरळ केला.

“माझं एक काम आहे. माझा भाऊ परदेशात असतो. तोही म्हणाला होता, आपला काय संबंध. पण कालपासून तीन वेळा फोन केला त्याने. कोण होतं, काय केलं, कसं केलं. मी नळाजवळ उभी होते, मला काही ऐकूही आलं नाही. तुम्ही सांगा त्याला.”

“मी?”

“तुम्ही होता ना तिथं.”

एल्डरांच्या खोलीत तिने नंबर लावला, फोन कंडक्टरांच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पलीकडचा आवाज तरुण वाटत होता.

“तुम्ही कोण?”

“मी इथल्या मंडळीचा एल्डर. तुमच्या आईच्या मातीला होतो.”

“किती जण होता?”

“आम्ही चौघं. खणणारे धरले तर सहा.”

“कसं झालं सगळं?”

याचं उत्तर कंडक्टरांकडे तयार होतं. हॉस्पिटलच्या माणसाला ते दर वेळी तेच देत असत. “सगळं शांतपणे, व्यवस्थित पार पडलं,” ते म्हणाले.

“व्यवस्थित म्हणजे?”

कंडक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. त्यांनी गुरुवार आठवायला घेतला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आठवायला हाताशी फार काही नाही. पहिली पेटी आठवत होती. तो एक गवंडी होता. पाळकबाई त्याच्याबद्दल काय बोलल्या ते शब्दन् शब्द आठवत होतं. दुसरीच्या वेळचं आठवत होतं ते स्वतःचं कंबर दाबणं. या पोराला आता काय सांगायचं? गोड चार वाक्यं बोलून मोकळं होणं काही अवघड नव्हतं. आयुष्यभर त्यांनी उशिरा आलेल्या बसबद्दल असंच काहीतरी सांगितलं होतं.

“वारा होता,” ते म्हणाले. “अकरा वाजून गेले होते. त्या दिवशी दोन होत्या. तुमच्या आईची दुसरी. पहिलीच्या वेळी आम्ही सगळं साग्रसंगीत केलं. तुमच्या आईच्या वेळी दमलो होतो. एक स्तोत्र असतं, ते गाळलं. गाळूया का असं पाळकबाईंनी विचारलं, आणि मीच आधी मान हलवली. माझा गुडघा दुखत होता.”

कंडक्टरांना वाटलं, फोन कट झाला.

“नाव घेतलं?” आवाज आला.

“दोनदा घेतलं. पहिल्यांदा चुकलं, मग नीट घेतलं.”

“ते नाव सगळ्यांचंच चुकतं,” तो म्हणाला. “माझ्या शाळेच्या दाखल्यावरही चुकलेलंच आहे.” मग त्याने विचारलं, “कोणी रडलं?”

“नाही.”

“बरं झालं सांगितलंत. रडलं म्हणाला असतात तर बाकीचंही खोटं वाटलं असतं.”

कंडक्टरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“ताई होती ना तिथं? ती म्हणते, होती, पण जवळ नव्हती.”

“नळाजवळ उभ्या होत्या.”

“किती लांब?”

कंडक्टरांनी मनात अंतर धरलं. “दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील तेवढं.”

“म्हणजे जवळच,” तो म्हणाला. मग घाईघाईने, “ताईला देता?”

त्यांनी फोन पुढे केला. तिने मागे न बघता मान हलवली.

“त्या नंतर करतील,” कंडक्टर म्हणाले. पलीकडून एक ‘हं’ आला, आणि फोन बंद झाला.

“काय म्हणाला?” तिने विचारलं.

“म्हणाला, जवळच होती.”

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नव्हतं, फक्त खांदे खाली आले होते. “मला जागा दाखवाल?” ती म्हणाली. “गुरुवारी मी तुमच्या आधीच निघून गेले.”

दुपारी तीनच्या सुमाराला ती दोघं स्मशानभूमीच्या फाटकातून आत गेली. कंडक्टरांनी काठी घेतली होती. रविवार असल्यामुळे त्यांना खरं तर जेवून आडवं व्हायचं होतं. बायको नुसती “जा” म्हणाली होती. पुढचं काही बोलली नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. चढावर दर वीस पावलांवर ते थांबत, आणि ती न विचारता थांबत असे.

“तुम्ही कायम येता का असे?” तिने विचारलं.

“चौदा वर्षं आलो. आता बंद केलं. कालच ठरलं.”

“म्हणजे माझी आई शेवटची.”

कंडक्टरांनी काठी रोवली. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. “हो,” ते म्हणाले. “शेवटची. आणि घाईतली.”

भिंतीच्या कडेची नवी रांग आली. दोन ढीग शेजारी शेजारी, सारख्याच लांबीचे, सारख्याच रंगाचे. कंडक्टर जवळ गेले आणि थबकले. दोन्हींच्या डोक्याशी नंबराच्या खुंट्या असतात, त्या नव्हत्या. शेडच्या सावलीत खणणारा डबा पुसत बसला होता. त्यांनी त्याला हाक मारली.

“काल गवत कापायचं मशीन आलं होतं,” तो येता येता म्हणाला. “खुंट्या काढून ठेवल्या, परत लावायच्या राहिल्या. लावतो उद्या.”

“यातली बाईची कुठली?”

“ही भिंतीकडची.” त्याने डोकं खाजवलं. “नाही, थांबा. बाई आधी होती का?”

“बाई दुसरी.”

“मग झाडाकडची. आपण सुरुवात भिंतीकडून केली होती ना? की त्या दिवशी गाडी इकडून लागली होती?”

दोघंही आता कंडक्टरांकडे बघत होते. कंडक्टरांनी डोळे मिटून पाहिलं. आपण कुठे उभे होतो? भिंत डाव्या हाताला होती की पाठीशी? मास्तर कोणाच्या आडोशाला उभे होते? ज्या माणसाला अर्ध्या झोपेतही पुढचा थांबा कोणता ते सांगता यायचं, त्याला पाच हात लांबीचे दोन ढीग ओळखता येत नव्हते. कुठल्याही एकाकडे बोट दाखवलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. आणि अर्ध्या वेळा ते खरंही निघालं असतं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी होतो. पण माझं लक्ष नव्हतं.”

तिने मान हलवली. रागावली आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

“वहीत असणार,” खणणारा म्हणाला. “वही शेडमध्ये आहे कुठंतरी, बघून येतो.”

“आणि पुढच्या वेळी खुंट्या काढू नकोस,” कंडक्टर त्याच्या पाठीवर ओरडले.

तो वळला. “पुढच्या वेळी? तुमची तर शेवटची होती ना?”

“जा, वही आण,” कंडक्टर म्हणाले.

ती दोन्ही ढिगांच्या मधल्या अरुंद जागेत उभी होती. “दुसरा कोण आहे?” तिने विचारलं.

“गवंडी होता. कागदावर तेवढंच होतं. पाळकबाई म्हणाल्या, या शहरात कुठंतरी त्याने बांधलेल्या भिंतींच्या आत लोक निवांत झोपत असतील.”

“त्याचं बरं लक्षात आहे तुमच्या.”

“तो पहिला होता.”

“त्याचं कोणी विचारायला आलं?”

“नाही.”

तिने पिशवी खांद्यावरून काढून गवतात ठेवली. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि भिंतीकडच्या ढिगापाशी गुडघे टेकून बसली. मातीची मोठी ढेकळं वर तशीच राहिली होती. तिने एक उचललं, दोन्ही तळव्यांत दाबून फोडलं, आणि ती माती हाताने पसरली. मग दुसरं. डोक्याच्या बाजूने पायांकडे ती सरकत गेली. कुत्र्याच्या पायांनी एका जागी खळगा पडला होता, तो तिने बुजवला आणि वरून हलक्या हाताने थापला. घाई नव्हती, आणि हात कुठे अडखळलाही नाही. ते झाल्यावर ती उठली, मधली जागा ओलांडली आणि झाडाकडच्या ढिगाच्या डोक्याशी बसून तेच सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

कंडक्टर काठीवर भार टाकून उभे होते. प्रार्थना म्हणावी का, असं त्यांच्या मनात आलं. पण इथे जे चाललं होतं त्यात आपण मध्ये तोंड घालावं असं त्यांना वाटेना.

ती अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात शेडकडून हाक आली.

“सापडली, सापडली!” खणणारा वही उघडी धरून जवळजवळ धावतच येत होता. चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचा आनंद. “बघा, मी म्हटलं नव्हतं? बाईचा नंबर आहे तो—”

“नका सांगू,” ती म्हणाली.

आवाज चढवून नाही. तिने वरही पाहिलं नाही. खणणारा बोलता बोलता थांबला आणि त्याने कंडक्टरांकडे पाहिलं. कंडक्टरांनी मान हलवली.

मग त्यांनी काठी गवतात आडवी ठेवली, झाडाच्या खोडाला धरून आधी डावा, मग कसाबसा उजवा गुडघा खाली टेकवला, आणि पायांच्या बाजूने ढेकळं फोडायला घेतली. ती एका टोकाकडून येत होती, ते दुसऱ्या टोकाकडून. खणणारा वहीच्या पानात बोट घालून तसाच उभा होता.